कोंबडा कुणाचा, खंजीर कुणाचा : सातारा जिल्ह्यातल्या एका सैनिकी ट्रंकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर सातारा जिल्ह्यातलं. घरातले दोघे फौजेत होते. आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि त्यांचा थोरला मुलगा पुढे त्याच रेजिमेंटमध्ये गेला. दोघेही आता हयात नाहीत. वाटणीनंतर जुनं घर पाडायचं ठरलं तेव्हा माळ्यावरची हिरवी लोखंडी ट्रंक खाली आली. पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवानं आतल्या वस्तूंचे फोटो मला पाठवले आणि विचारलं, "काका, हे नक्की कुठलं आहे? घरात सगळे इटलीचं म्हणतात."

कुटुंबाच्या संमतीनं हे प्रकरण लिहितो आहे. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत.

इटलीचं नाव कुठून आलं हे समजण्यासारखं आहे. मराठा पलटणींचे महायुद्धातले दोन्ही व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतले. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले आणि नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी पराक्रम गाजवला. शाळेतल्या भाषणांपासून गावच्या कमानींपर्यंत हीच नावं कानावर पडत असताना 'आजोबा मराठा पलटणीत होते' याचं 'आजोबा इटलीत होते' व्हायला एक पिढीही लागत नाही. मणिपूरच्या डोंगरांत आणि त्यानंतर जावात जे मराठे लढले, त्यांची आठवण आपल्याकडे फार थोडी उरली आहे. या प्रकरणात मी इतका वेळ घातला त्याचं खरं कारण हेच.

ट्रंकेत काय होतं

कापडी पॅच दोन. एकावर पिवळ्या गोलात लाल कोंबडा, दुसऱ्यावर क्लोव्हर नावाच्या रानवनस्पतीची लाल पानं. शर्टाच्या खिशाच्या बटणाला अडकवायची चामड्याची एक पट्टी, तिच्यावर मुठीत खंजीर धरलेल्या हाताचा मीनाकाम केलेला बिल्ला. पाच पदकं, त्यांतल्या तिघांच्या रिबिनी शाबूत. पितळी शोल्डर टायटल, म्हणजे खांद्यावर लावायची रेजिमेंटच्या नावाची अक्षरं. आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळवीनं अर्धवट खाल्लेले कागद, ज्यांवर शाईचे डाग सोडून काही उरलं नव्हतं.

पॅच म्हणजे काय, ते थोडक्यात सांगायला हवं. युद्धकाळात कुठली डिव्हिजन (वेगवेगळ्या रेजिमेंटच्या पलटणी एकत्र करून उभं केलेलं मोठं दल) कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून गणवेशावर आणि गाड्यांवर आकड्यांऐवजी चित्रं वापरली जात. हिंदी सैन्यातल्या ४ थ्या डिव्हिजनचा लाल गरुड, ५ व्या डिव्हिजनचा काळ्यावरचा लाल गोळा, ७ व्या डिव्हिजनचा सोनेरी बाण, १७ व्या डिव्हिजनची काळी मांजर, १९ व्या डिव्हिजनचा खंजीर. चित्र डिव्हिजनचं असतं, रेजिमेंटचं नसतं. त्यामुळे एकाच मराठा रेजिमेंटच्या दोन पलटणींतल्या (बटालियनमधल्या) भावाभावांच्या दंडांवर वेगवेगळी चित्रं असू शकत. क्लोव्हर हे ८ व्या डिव्हिजनचं चिन्ह, ही डिव्हिजन इटलीत लढली. कोंबडा २३ व्या डिव्हिजनचा. ती १९४२ च्या आरंभी झाशीत उभी राहिली, मणिपूरच्या आघाडीवर लढली आणि जपान शरण आल्यावर मलायामार्गे जावात गेली.

आणि खंजीर बर्मातलं मंडाले घेणाऱ्या १९ व्या डिव्हिजनचा. म्हणजे एकाच ट्रंकेत इटली, मणिपूर आणि मंडालेचा दावा सांगणारी तीन चिन्हं.

अडचण

मुंबईच्या एका विक्रेत्यानं सगळा ऐवज एकत्र मागितला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हा 'इटली ते बर्मा असा पूर्ण प्रवास केलेल्या जवानाचा संच' होता, खंजिराचा बिल्ला '१९४५ च्या मंडालेचा' होता आणि परदेशी गिऱ्हाईक तयार होतं. किंमत बरी होती. घरात दोन मतं पडली. धाकट्या काकांना विकायचं होतं. नातवाला काचेची फ्रेम करून नव्या घराच्या दिवाणखान्यात लावायची होती, आणि फ्रेमखालच्या पितळी पट्टीवर 'इटली' कोरायला टाकायच्या बेतात तो होता.

एका शिपायाचं एकामागून एक दोन डिव्हिजनमध्ये असणं अशक्य नाही. पण इटलीची ८ वी, मणिपूरची २३ वी आणि मंडाले घेणारी १९ वी, तिन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आल्या असं मानायचं तर पुरावा भक्कम हवा. माझा पहिला संशय असा, की ट्रंक एका माणसाची नाही.

कुठले पर्याय होते

विकून मोकळं होणं हा पहिला. यात किमतीपेक्षा मोठी गोष्ट अशी, की एकदा ऐवज विक्रेत्याकडे गेला की खरं-खोटं एकाच गोष्टीत शिवलं जातं आणि नंतर ते कुणालाच उसवता येत नाही. शिवाय कायद्याची बाजू होतीच. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तूंसाठी शंभर वर्षांची अट आहे, म्हणून पॅच आणि पदकं त्यात बसत नाहीत. पण ऐतिहासिक मोलाच्या कागदपत्रांसाठी ती पंचाहत्तर वर्षांची आहे. १९४५ चा एखादा वाचता येणारा कागद सापडला असता, तर तो देशाबाहेर पाठवण्याआधी विचारपूस करावीच लागली असती.

दुसरा पर्याय होता तसंच फ्रेम करण्याचा. भावनेच्या दृष्टीनं हा सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात घातक. विकलेली वस्तू निदान दुसरा कुणी तपासतो. घरातल्या भिंतीवरची पाटी कुणी तपासत नाही. पोरं ती पाठ करतात.

तिसरा, सगळं बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला भेट देणं. कल्पना चांगली, पण काय देतो आहोत हे कळल्याशिवाय देण्यात अर्थ नव्हता.

उरला चौथा : आधी प्रत्येक वस्तू वेगळी ठेवून तिची तिची ओळख पटवायची, आणि ओळख पटेपर्यंत विकणं, धुणं, चिकटवणं, कोरणं, सगळं थांबवायचं. नातू लगेच तयार झाला. काकांना मुदत हवी होती, म्हणून विक्रेत्याला दोन महिन्यांचं सांगितलं.

काय केलं

सुरुवात पदकांपासून केली, पॅचपासून नाही. पॅच कुणीही विकत घेऊ शकतो, अदलाबदल करू शकतो, मित्राकडून मागून आणू शकतो. पदकांच्या बाबतीत पुरावा अधिक घट्ट असतो.

रिबिनींनीच पहिला निकाल दिला. इटली स्टार या पदकाची रिबीन लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल अशा पट्ट्यांची असते, आणि ती इथे नव्हती. होती ती गडद निळी, मधोमध रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंच्या निळ्यात नारिंगी रेघ : बर्मा स्टार. रिबीन बदलली गेली असेल अशी शंका कुणी काढेल म्हणून पदकाच्या ताऱ्यावरची अक्षरंही पाहिली. तिथेही बर्माच.

खरा ठेवा मात्र पाचवं पदक होतं. चांदीचं, जांभळ्या रिबिनीवर मधे हिरवा पट्टा, आणि रिबिनीवर एक आडवी पट्टी : 'एस. ई. एशिया १९४५-४६'. हे जनरल सर्व्हिस मेडल. ही पट्टी जपानच्या शरणागतीनंतर जावा, सुमात्रा आणि फ्रेंच इंडोचायनात केलेल्या सेवेसाठी मिळे. या पदकाचा मोठा गुण असा, की त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट ठोकलेली असते. ट्रंकेतल्या बाकीच्या पदकांवर नाव नव्हतं, यावर होतं. नातवानं कडेवरून मोबाइलचा उजेड तिरपा टाकून, पदक थोडं थोडं फिरवत आठ फोटो काढले. नंबराचा एक आकडा पॉलिशनं झिजला होता, तरी आजोबांचं नाव आणि त्यापुढे 'मराठा एल. आय.' स्वच्छ वाचता आलं.

जावात ५ वी, २३ वी आणि २६ वी अशा तीन हिंदी डिव्हिजनच्या तुकड्या या ना त्या वेळी होत्या. म्हणजे पदकावरून 'जावा-सुमात्रा-इंडोचायना' आणि 'मराठा' एवढं कळलं, डिव्हिजन कळली नाही. तिथे कोंबड्याची पाळी आली.

हा पॅच मी स्वतः हातात घेऊन पाहिला. पुढून कोंबड्याचा लाल रंग विटकरी झालेला, पण उलटा केला की टाक्यांच्या मुळाशी तोच धागा अजून रक्तासारखा लाल. टाके हाताचे, त्यामुळे तुऱ्याकडचे दाट आणि शेपटीकडचे विरळ. मागे खाकी ड्रिलचा तुकडा, त्याच्या चार कोपऱ्यांना प्रेस-बटणं. त्यांतलं एक निसटलेलं, आणि त्या जागी पितळेच्या गंजाचं हिरवट वर्तुळ कापडात उतरलेलं. उष्ण प्रदेशातल्या गणवेशावर पॅच असे बटणांवर लावत, कारण कपडे धोब्याकडे जाताना ते काढावे लागत. नाहीतर दगडावर आपटून आठवडाभरात चिंधी झाली असती. हे काम बाजारातल्या कुणा शिंप्याचं आहे आणि ते वापरलं गेलेलं आहे, एवढं निश्चित म्हणता येत होतं.

अतिनील दिव्याखाली मात्र पॅचचं मागचं कापड हलकं निळं चमकलं. इथे बरेच संग्राहक घाईनं 'नकली' म्हणून मोकळे होतात, कारण कापड उजळ दिसावं म्हणून घातली जाणारी रसायनं महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. पण त्याच रसायनांची भुकटी आपल्या कपडे धुण्याच्या पावडरीत असते. विचारल्यावर काकू म्हणाल्या, "मागच्या दसऱ्याला ट्रंक साफ केली तेव्हा मीच बुडवून काढला होता की, लई मळला होता." म्हणजे चमक साबणाची. दिवा हा पुरावा एकट्यानं पुरेसा नसतो. धागा, टाका आणि पाठ हे आधी पाहायचं.

क्लोव्हरचा पॅच उलटा केला आणि प्रश्नच संपला. पाठीवर सगळीकडे एकसारखा पांढरा बॉबिनचा धागा, त्यावर इस्त्रीनं चिकटवायचा प्लॅस्टिकचा पातळ थर, आणि पुढचे टाके इतके नियमित की ते संगणकावर चालणाऱ्या भरतकाम-यंत्राशिवाय जमत नाहीत. वय फार तर दहा-पंधरा वर्षं. घरातल्या सगळ्यांना विचारा म्हटल्यावर चुलतभावानं सांगितलं, की इटलीच्या गोष्टीला साजेसा म्हणून त्यानंच तो ऑनलाइन मागवला होता आणि आजोबांच्या वस्तूंसोबत ठेवला होता. त्याच्या मनात खोट नव्हती. पण आणखी वीस वर्षं गेली असती, तर तोच पॅच 'आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला' म्हणून इटलीचा पुरावा झाला असता.

एक जपून सांगायला हवं : नवं दिसतं ते सगळं यंत्राचं नसतं. वाराणसीत आजही जगभरातल्या सैन्यांसाठी जरीची मानचिन्हं हातानं भरून दिली जातात. तेव्हा हाताचा टाका म्हणजे जुना टाका, असं उलट बाजूनंही मानता येत नाही.

राहिला खंजिराचा बिल्ला. मंडाले १९ व्या डिव्हिजननं मार्च १९४५ मध्ये घेतलं आणि खंजीर तिचंच चिन्ह, इथपर्यंत विक्रेता बरोबर होता. पण १९ वी डिव्हिजन आजच्या भारतीय सैन्यातही आहे, बारामुल्लाला आहे, आणि आजही 'डॅगर' म्हणूनच ओळखली जाते. ४ थ्या डिव्हिजनचा लाल गरुडही तसाच पुढे चालत आला. चिन्ह तेच राहतं, सैन्य आणि सरकार बदलतं. म्हणून नुसत्या चित्रावरून साल सांगणं धोक्याचं. चामड्याच्या पट्टीच्या आतल्या बाजूला कागदाची एक चिठ्ठी चिकटली होती. गणवेशाचं सामान विकणाऱ्या दुकानाचा पत्ता, अर्धा फाटलेला, पण शहराच्या नावापुढे सहा आकडी पिनकोड पूर्ण होता. पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्या एका ओळीनं मंडाले बाद केलं. थोरल्या काकांची, म्हणजे आजोबांच्या फौजेतल्या मुलाची, एक नेमणूक काश्मीरमध्ये होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बिल्ला त्यांचा.

शेवटी आत्या. आजोबांची ही मुलगी ऐंशी ओलांडलेली, माहेरच्या ट्रंकेबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी नातवाला सांगितलं होतं, की फोटो आधी दाखवू नकोस, आधी विचार. त्यानं एवढंच विचारलं, "आत्या, आजोबांच्या कपड्यावर कसलं चित्र होतं का गं?" ती म्हणाली, "दंडावर कोंबडा हुता. आये हसायची त्याला. न्हाव्यानं आन्‌ बायांनी कोंबडं पाळायचं, तुमी दंडावर घेऊन फिरताय म्हनायची, आसं ती सांगायची." मग आपणहून पुढे : "जपान हारला तरी बा वरीसभर घरला आलं न्हाईत. लोकं म्हनायची, समदे आले, ह्यो कुठं राहिला." तिच्या आठवणीत आईनं सांगितलेलंही मिसळलं असणार, कारण तेव्हा ती अगदी लहान होती. तरीही चित्र न दाखवता कोंबडा आला याला मी वजन देतो. आणि ते वरीसभर उशिरा येणं पदकावरच्या १९४५-४६ शी तंतोतंत बसतं.

निर्णयाची सर्वांत अवघड जागा

डिव्हिजन आणि रेजिमेंट ठरली. पलटण कुठली?

मणिपूरच्या काळात २३ व्या डिव्हिजनच्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये दोन मराठा पलटणी होत्या, ४ थी आणि ६ वी. मार्च १९४४ मध्ये सांगशाकच्या डोंगरावर ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर ४ थी मराठा जपान्यांच्या वेढ्यात सापडली. त्या जागेवर पाणी नव्हतं, आणि २६ मार्चच्या रात्री उरलेल्यांना वेढ्यातून बाहेर पडावं लागलं. पुढे याच ४९ व्या ब्रिगेडला ऑक्टोबर १९४५ मध्ये जावातल्या सुराबायाला उतरवलं. तिथल्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या इंडोनेशियन तरुणांशी तिची गाठ पडली आणि ३० ऑक्टोबरला तिचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले. पारतंत्र्यातल्या आपल्या शिपायांना दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यसैनिकांसमोर उभं केलं गेलं, हा या सगळ्या कहाणीतला बोचणारा भाग, आणि तो कुटुंबाला मी मोकळेपणानं सांगितला.

नातवाला आजोबांची एक गोष्ट आठवत होती : डोंगरावर तहानेनं माणसं वेडी झाली होती. सांगशाकचं वाचल्यावर त्याचे डोळे चमकले. "म्हणजे चौथी मराठाच, काका. लिहू या ना तसं."

मी नको म्हटलं. तहान त्या आघाडीवर अनेक टेकड्यांनी पाहिली. आजोबा ६ व्या पलटणीत असतील, डिव्हिजनच्या हेडक्वार्टरवर नेमलेले असतील. पदकाच्या कडेवर पलटणीचा आकडा नाही, पॅचवर असण्याचा प्रश्नच नाही. गोष्ट जितकी सुंदर जुळते तितकी ती लिहिण्याआधी जास्त थांबावं लागतं. आमचं यावर बराच वेळ बोलणं झालं आणि शेवटी त्यानं माझं ऐकलं, थोडं नाराजीनंच.

निष्पत्ती

विक्री रद्द झाली. विक्रेत्याला खरी ओळख कळवल्यावर त्यानं किंमत निम्म्याहून खाली आणली, आणि त्यामुळे काकांचा आग्रहही संपला. वस्तूंचे दोन संच झाले. आजोबांच्या संचात पाच पदकं, शोल्डर टायटल आणि कोंबडा; थोरल्या काकांच्या संचात खंजिराचा बिल्ला, चिठ्ठीसकट. क्लोव्हरचा पॅच चुलतभावानं स्वतःकडे ठेवला, पाठीवर खरेदीचं वर्ष लिहून.

कोंबडा फ्रेममध्ये चिकटवलेला नाही. धुतलेल्या, कांजी नसलेल्या सुती कापडावर कडेच्या चार सैल टाक्यांनी तो धरला आहे, प्रेस-बटणांखाली आम्लरहित कागदाचे तुकडे सरकवले आहेत, म्हणजे गंज पुढे कापडात उतरणार नाही. फ्रेम उन्हाच्या भिंतीवर लावलेली नाही. पाटीवर मजकूर असा : 'मराठा लाइट इन्फंट्री. २३ वी हिंदी डिव्हिजन. बर्मा आघाडी आणि जावा, १९४६ पर्यंत. पलटण : ४ थी किंवा ६ वी, निश्चित नाही.'

वेगळं काय करता आलं असतं

ट्रंक उघडल्याबरोबर, काहीही उचलण्याआधी, थरांचे फोटो हवे होते. कुठली वस्तू कुठल्या वर्तमानपत्रात गुंडाळली होती, चामड्याची पट्टी कुणाच्या कपड्यांत होती, यातून दोन पिढ्यांचं सामान पहिल्याच दिवशी वेगळं झालं असतं. इथे सगळं आधी चादरीवर ओतलं गेलं. वर्तमानपत्रं रद्दीत गेली, आणि त्यांवर तर तारखा छापलेल्या असतात.

पॅच धुवायला नको होता. त्याच्या धुळीचं वाईट वाटत नाही, पण उलट्या बाजूला पेन्सिलीनं नंबर लिहायची शिपायांची सवय होती, आणि या कापडावर काही असेल तर ते गेलं. पदकाला पॉलिश नको होतं; नंबरातला झिजलेला आकडा त्यामुळेच. हा आकडा रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिताना सगळ्यात जास्त नडला, कारण शक्य असलेले सगळे नंबर लिहून विचारावं लागलं.

आत्याला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. मुलगी लग्न होऊन गेली म्हणजे घराची माहिती तिच्याबरोबर गेली, हे अशा कामांत वारंवार दिसतं, आणि फोन मात्र नेहमी काका-पुतण्यांनाच जातात.

बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं आहे. भरतीची आणि निवृत्तीची तारीख जुळली, पलटणीचा उल्लेख त्यात नाही. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आग्नेय आशियातल्या पलटणींच्या युद्धदैनंदिन्या डब्ल्यू. ओ. १७२ या मालिकेत आहेत, पण त्यांत साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं. जास्त आशा आजीच्या कुटुंबनिवृत्तीच्या कागदांची आहे, कारण त्यांना आजोबांच्या डिस्चार्ज बुकाची (फौजेतून सुटतानाच्या सेवापुस्तिकेची) नक्कल जोडलेली असू शकते. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज दिला आहे. अर्जावर सही आत्याची आहे, आणि पाटीवर 'पलटण' या शब्दापुढची ओळ बदलता यावी म्हणून ती पितळेवर न कोरता कागदावर छापून घेतली आहे.